म्हातारपणाची काठी आणि इतर थापा

आपल्या भाषेने काठीवर जरा अन्यायच केलाय. मुलगा झाला की 'म्हातारपणाची काठी' आली म्हणायचं. एकुलता एक आधार असला की ती 'आंधळ्याची काठी'. म्हणजे काठी हातात धरायची तर आधी म्हातारं तरी व्हा, नाहीतर आंधळं तरी. धडधाकट माणसाने काठी घेतली तर ती फक्त दुसऱ्याच्या पाठीत घालायला!

हे पोस्ट या समजुतीविरुद्ध आहे. आणि मंडळी, आधीच सांगून ठेवतो, यात कुणाचीही भीड ठेवलेली नाही. इथे येणारे वाचक दोन प्रकारचे. एक, ट्रेकवर लिहिणारे ब्लॉगर मित्र. दुसरे, 'आपला पोरगा काहीतरी लिहितो म्हणे' म्हणून वाचणारे नातेवाईक. घडीच्या काठीचा, म्हणजे ज्याला दुकानात 'फोल्डिंग ट्रेकिंग पोल' म्हणतात त्याचा विषय काढला की पहिले म्हणतात, "काठी? अजून पन्नाशी नाही आली आपल्याला!" आणि दुसरे म्हणतात, "काठी? अजून तेवढी वेळ नाही आली आमच्यावर!" वाक्य एकच आहे. तेव्हा माझं भांडणही दोघांशी एकच आहे.

"पण तुमच्या ढोकीत कसला आलाय ट्रेक?" हा प्रश्न पुण्याच्या मित्रांकडून हमखास येतो. खरं आहे. आमच्याकडे ऊस आहे, तेरणा कारखाना आहे, रेल्वे स्टेशन आहे, सह्याद्रीचा कडा मात्र नाही. आमच्या बाजूला उंच म्हणून दाखवायचं तर कारखान्याचं धुराडंच दाखवावं लागेल. डोंगर पाहिजे तर येडशीच्या रामलिंगला जायचं, धाराशिवच्या लेण्यांकडे जायचं, बालाघाटाच्या टेकड्या तुडवायच्या. कळसूबाईवाल्यांना ते चढ किरकोळ वाटतील.

पण चालण्याचंच म्हणाल, तर आम्हाला कुणी शिकवू नये. कोजागिरीच्या पौर्णिमेला तुळजापूरच्या रस्त्यांवर जाऊन उभे राहा. सोलापूरकडून, कर्नाटकातून, आमच्या जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं रात्रभर चालत येत असतात. ढोकीहून धाराशिवमार्गे तुळजापूर चाळीसच्या वर किलोमीटर भरतं. तेरहून गोरोबाकाकांची पालखी पंढरपूरला जाते. आळंदीहून निघालेले वारकरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतात. यातल्या कुणाच्या पायात महागडे बूट नसतात, कित्येकांच्या पायात तर काहीच नसतं. रविवारी बारा किलोमीटर चालून इन्स्टावर चाळीस फोटो टाकणारे आपण, आणि ट्रेकर म्हणे आपण! महाराष्ट्रातले खरे लांब पल्ल्याचे चालणारे हे लोक आहेत. त्यांना तो शब्द माहीत नाही एवढंच.

माझी आत्या त्यातलीच. गेली कितीतरी वर्षं कोजागिरीला चालत तुळजापूर. साठी ओलांडली तरी खंड नव्हता. मग दोन वर्षांपूर्वी तिने जाणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "आता बास झालं की. देवी घरात बी हायच." मला ते पटेना. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की अंतराचा प्रश्नच नव्हता. सपाट रस्त्यावर ती आजही मला मागे टाकते. प्रश्न होता पायऱ्यांचा. तुळजाभवानीचं देऊळ खाली आहे, महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या उतरत जावं लागतं. रामलिंगचंही तसंच, देऊळ खाली दरीत. उतरताना गुडघ्यातून कळ निघते आणि मग दुसऱ्या दिवशी उठवत नाही. म्हणून देवी घरातच!

हे नीट समजून घ्या, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा आहे. चढताना दम लागतो, म्हणून आपण चढाला घाबरतो. पण गुडघ्याची वाट लावतो तो उतार. उतरताना प्रत्येक पावलाला सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं आणि मांडीच्या स्नायूला ते ब्रेकसारखं धरून ठेवावं लागतं. १९९९ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. २५ अंशांच्या उतारावरून माणसं आधी काठ्यांशिवाय आणि मग दोन काठ्या घेऊन चालवली आणि गुडघ्यावर येणारा भार मोजला. काठ्यांमुळे तो १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. माणसं आठच होती, तेव्हा याला ब्रह्मवाक्य समजू नका. पण ज्याने कधी दोन काठ्या घेऊन उतार उतरलाय त्याला हा आकडा ऐकून आश्चर्य वाटणार नाही.

तर मी आत्याला म्हटलं, काठ्या घे. दोन. तिचं उत्तर जसंच्या तसं देतो : "दोन काठ्या? म्या काय ढोर हाय का, चार पायानं चालायला?" मग थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात : "आरं बाबा, काठी धरली की मानसं म्हणतेत, खचली आता बाई."

बघा. गुडघा दुखतो ते चालेल. तुळजापूर सुटलं ते चालेल. रामलिंग सुटलं, उद्या माळ्यावर जायचा जिना सुटेल, परवा शेतातला बांध सुटेल, तेही चालेल. पण 'खचली' म्हणतील ते चालणार नाही! माणसाचं जग असं एकेका पायरीने लहान होत जातं आणि आजूबाजूचे सगळे म्हणतात, "वय झालं आता." वय नाही झालं हो. लाज झाली!

मग मी तिला घडीची काठी दाखवली. तीन तुकडे दुमडले की हातभर सुद्धा उरत नाही, पिशवीत जाते. यावर मात्र ती विचारात पडली. शेवटी कबूल झाली ती एकाच अटीवर, 'गावात काढायची नाही'. रामलिंगच्या पायऱ्यांवर तिने दोन्ही काठ्या झकास वापरल्या. वर येऊन म्हणाली, "बरं वाटतंय की रं." आणि ढोकीच्या स्टँडवर एसटीतून उतरायच्या आधी दोन्ही घड्या करून पिशवीत, वरून टॉवेल!

मला हसू आलं आणि रागही आला. आत्याचा नाही. राग आला तो तिला टॉवेल टाकायला लावणाऱ्या सगळ्यांचा. यात आमचे नातेवाईक आले आणि ट्रेकर मित्रांनो, तुम्हीही आलात.

तुम्ही कसे? सांगतो. "काठी घेऊन चढणं म्हणजे फसवणूक" असं एक तत्त्वज्ञान ट्रेकच्या ग्रुपांमध्ये फिरत असतं. बूट घातले तर फसवणूक होत नाही. दोर लावला तर नाही. पाठीवरच्या सॅकला कमरेचा पट्टा असला तर नाही. फक्त काठीने मात्र मर्दानगी उतरते! अहो, डोंगरात जन्म काढणारा धनगर काठीशिवाय घराबाहेर पडत नाही. तो काय खचलेला असतो? युरोपात जर्मनीच्या लेकी कंपनीने १९७४ साली उंची कमी-जास्त करता येणारी 'मकालू' नावाची काठी आणली, तिला नाव दिलं ते आठ हजार मीटरवरच्या शिखराचं, वृद्धाश्रमाचं नाही. काठी हे चालणाऱ्याचं अवजार आहे. शेतकऱ्याला कुणी विचारत नाही की खुरपं कशाला, हाताने उपट की!

असो. आता भांडण जरा बाजूला ठेवून कामाचं बोलू. कारण लाज सोडून दुकानात गेलात तरी तिथे दुसरी थाप तयार असते : 'जितकी महाग तितकी चांगली'. माझ्या एका मित्राला एका दुकानदाराने आतमध्ये स्प्रिंग असलेली, कार्बनची, मुठीत होकायंत्र बसवलेली काठी विकली, आणि तीही एकच! होकायंत्र मुठीत घेऊन हा गृहस्थ मळलेल्या वाटेवरून राजगड चढला. :)

एक काठी म्हणजे अर्धी गोष्ट. ट्रेकिंग पोल जोडीने घ्यायचे. उतारावर भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला तरच फायदा. आणि इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. डॉक्टरांनी सांगितलेली आधाराची काठी वेगळी, ट्रेकिंग पोल वेगळा. आधाराची काठी एकच असते, तिची मूठ मनगटाच्या रेषेला येते आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. उजवा गुडघा दुखतो तर डाव्या हातात. आपल्याकडे दहातले बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग "काठीचा काही उपयोग नाही" म्हणतात. ज्यांचा तोल जातो, ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं. ट्रेकिंग पोल हा त्याचा पर्याय नाही.

घडीच्या काठ्यांचे दोन प्रकार असतात. एक, तंबूच्या दांड्यांसारखी. आतून दोरी, तीन-चार तुकडे, ओढून खटका बसला की सरळ. घडी ३५ ते ४० सेंटीमीटरची होते. पण यातल्या बऱ्याच काठ्यांची उंची ठरलेली असते, कमी-जास्त होत नाही. निदान वरचा तुकडा सरकणारा असेल अशी बघा. दुसरी, दुर्बिणीसारखी एकात एक जाणारी. तिची घडी साठेक सेंटीमीटरची, पण उंची हवी तशी लावता येते आणि मार खायला ती दणकट. सॅक मोठी असेल आणि चढ-उतार बराच असेल तर ही. एसटीने, जीपने, रेल्वेच्या जनरल डब्यातून प्रवास करून चालायला जायचं असेल, पिशवी लहान असेल, तर पहिली. घडीचा खरा फायदा हाच आहे, टॉवेलखाली लपवणं नव्हे! गर्दीच्या एसटीत लांब वेळूची काठी घेऊन चढून बघा, कंडक्टर काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

सरकणाऱ्या काठीत कुलूप बघा. पिळून घट्ट करायचं कुलूप आत असतं, वाळू-घामाने ते हळूहळू निसटायला लागतं आणि निसटलंय हे आपल्याला नेमकं उतारावर कळतं. बाहेरून खटका दाबायचं कुलूप बरं. दिसतं, आणि सैल पडलं तर स्क्रू आवळता येतो. दुकानातच काठी उघडा, टेकवा आणि अंगाचं सगळं वजन टाका. जरा जरी खाली सरकली तर ठेवून द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. त्याचा गुडघा नाही.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम? कार्बन हलकं, पण दगडात अडकून आडवा ताण आला की तुटतं. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, आणि वाकलेली काठी निदान घरापर्यंत येते. आपल्या दगडधोंड्यांना अ‍ॅल्युमिनियमच योग्य, आणि स्वस्तही. स्प्रिंगची गरज नाही. मूठ कॉर्कची किंवा फोमची असावी, गुळगुळीत प्लॅस्टिक घामाने सटकतं.

उंचीचं गणित सोपं आहे. बूट-चप्पल जे घालून चालणार ते घाला, काठी पायाजवळ उभी टेकवा, कोपर काटकोनात आलं पाहिजे. साधारण आपल्या उंचीच्या दोन-तृतीयांशाहून किंचित जास्त. १५० सेंटीमीटर उंचीच्या आत्याला १०० च्या आसपास, १६५ वाल्याला ११०, १८० वाल्याला १२०-१२५. मोठा चढ असेल तर पाच-दहा सेंटीमीटर कमी करा, मोठा उतार असेल तर तेवढीच वाढवा. तुकड्यावर जिथे 'थांबा' अशी खूण असते तिच्यापलीकडे ओढू नका.

टोकाला टंगस्टन कार्बाइडचं कठीण टोचं असतं. ते माती-मुरमासाठी. डांबरी रस्त्यावर आणि देवळाच्या फरशीवर रबराची टोपी चढवा. लेण्यांमध्ये आणि किल्ल्यांच्या पायऱ्यांवर तर चढवाच. शेकडो वर्षं टिकलेल्या दगडावर आपल्या टोच्याचे ओरखडे नकोत. ओल्या गुळगुळीत कातळावर कुठल्याच टोकाचा भरवसा धरू नका. आणि आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात चालणार असाल तर टोकावरची चकती ठेवा, नाहीतर काठी चिखलात वीतभर रुतेल आणि तिला उपसण्यातच दिवस जाईल.

मनगटाच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. म्हणजे भार पट्टा घेतो, बोटं आवळावी लागत नाहीत. मात्र मोठ्या दगडांतून, ओढ्यातून जाताना पट्टे काढून टाका. पडलात आणि काठी अडकली तर मनगट किंवा अंगठा जातो. चालताना डाव्या पायाबरोबर उजवी काठी, जसे हात हलतात तसंच. पायऱ्या उतरताना आधी दोन्ही काठ्या खालच्या पायरीवर, मग पाय. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आल्या की घडी करून सॅकमध्ये. तिथे दोन्ही हात शिडीला लागतात. घडीच्या काठीचं पोट तिथे भरतं. घरी आल्यावर तुकडे सुटे करून पुसा, वाळवा, तेल बिल घालू नका.

आता माझ्याच विरुद्ध बोलतो, म्हणजे कॉमेंटमध्ये तुमचे कष्ट वाचतील. काठ्यांनी एकूण मेहनत कमी होत नाही. पायांचा भार हातांवर-खांद्यांवर जातो, हात हलवल्याने दम उलट थोडा जास्तच लागतो. आणि गिर्यारोहण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वैद्यकीय आयोगानेच बजावून ठेवलंय की काठ्या सतत वापरल्या तर तोल सांभाळायची शरीराची सवय मंदावते. बरोबर आहे. म्हणून तरुणांनी, धडधाकटांनी सोप्या सपाट वाटेवर त्या सॅकमध्ये ठेवाव्यात, उताराला, पाठीवर ओझं असताना, थकल्यावर काढाव्यात. अवजार हातात कधी घ्यायचं आणि खाली कधी ठेवायचं हे कळणं, यालाच तर कसब म्हणतात.

आणि पैसे नसतील तर? तर खांद्याच्या थोड्या खाली येतील अशा वेळूच्या दोन हलक्या काठ्या तोडून घ्या. पकड हवी तशी वर-खाली करता येते, फुकट आहेत, तुटल्या तर दुसऱ्या. घडी होत नाही, एवढाच तोटा. गुडघ्याला ब्रँड कळत नाही हो.

तर नातेवाईकांनो, तुम्हाला एक विनंती. घरात कुणी पंचाहत्तरीचं झालं की चांदीच्या मुठीची काठी भेट देता ना, ती पद्धत बंद करा. पडल्यावर, हाड मोडल्यावर, चालणं सुटल्यावर काठी देण्यात काय अर्थ? पंचेचाळिशीत द्या, पन्नाशीत द्या, माणूस चालता असताना द्या. आणि कुणी काठी घेऊन दिसलं तर "काय झालं हो पायाला?" विचारू नका. "कुठं निघालात?" विचारा. एका प्रश्नाचा फरक आहे, पण त्या एका प्रश्नासाठी माणसं चार वर्षं आधी घरात बसतात.

आणि ट्रेकर दोस्तांनो, काठी म्हाताऱ्यांची वस्तू राहिली आहे ती म्हाताऱ्यांमुळे नाही, आपल्यामुळे. आपण ती वापरत नाही किंवा वापरली तर डोंगरात जाऊन, जिथे गावातलं कुणी बघत नाही तिथे. म्हणजे आत्याच्या टॉवेलमध्ये आणि आपल्या सॅकमध्ये फरक तो काय? पस्तिशीची, चाळिशीची माणसं उघड, भर बाजारातून, स्टँडवरून दोन काठ्या टेकत निघाली की त्या काठीचं म्हातारपण आपोआप गळून पडेल. भाषणं करून, सोशल मीडियावर सुविचार पाठवून ते होणार नाही.

येत्या कोजागिरीला ढोकीतून मी चालत निघणार आहे, दोन्ही काठ्या उघड्या, स्टँडसमोरून. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा. काठ्या नसतील तर माझ्याकडे एक जादा जोडी आहे. एकशे दहावर लावलेली आहे, आपल्या मापाने करून घ्या.